वेदीवरची चूल

तिथं नका बॅगा ठेवू, साहेब. पलंगाखाली ठेवा, बाकावर ठेवा, पण त्या तीन पायऱ्यांवर नको. वर चूल आहे. हो ताई, बरोबर ओळखलंत, वेदीच्याच जागी आहे. जिथं वेदी असायची तिथं चूल, आणि चुलीमागं समुद्राकडं उघडणारी खिडकी. मागं एक आर्किटेक्ट साहेब इथं राहिले होते. ते मला म्हणाले, "नाखवा, ही चूल काढून टाका, इथं खालपासून वरपर्यंत काच बसवू." मी म्हटलं, आधी चहा प्या, मग बोलू. चहा संपेपर्यंत त्यांना ही गोष्ट सांगितली. पुन्हा काचेचं नाव काढलं नाही त्यांनी.

मी बस्त्याव. चाळीस वर्षं होडी चालवली, म्हणून सगळं खुरीसबंदर मला नाखवा म्हणतं. आता या घराच्या किल्ल्या माझ्याकडं असतात. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि हे आमचं जुनं देऊळ. गावानं त्याचं राहायचं घर केलं, न्हाणीघर बांधलं, पंखे लावले. शनिवारी सकाळी तुमच्यासारखे पाहुणे येतात, रविवारी संध्याकाळी जातात. तुम्ही कितीही वाजता झोपा, कितीही वाजता उठा, मला काही म्हणायचं नाही. पण पाहुणा आत आला की पहिलं काम एकच. सामान सोडायच्या आधी त्यानं आपल्या हातानं या चुलीवर एक सुका बोंबील भाजायचा, खिडकी सताड उघडून. मघाशी साहेबांनी भाजला तसा. तुम्ही नाकाला ओढणी लावलीत ते बघितलं मी, ताई. असू द्या, असू द्या, लाजू नका. बसा जरा, चहा होईस्तोवर सांगतो हे कशापायी ते.

फार जुनी गोष्ट. पोर्तुगीज अंमलातली म्हणतात. खरी-खोटी देवाला ठाऊक, मी माझ्या आज्याकडून ऐकली तशी सांगतो.

तेव्हा गावात कैतान नावाचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता. त्याची बायको रेजिन. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. बाईनं नऊ-नऊ दिवसांची किती नवेनं केली, किती मेणबत्त्या लावल्या, त्याला गणती नाही. अखेर बाराव्या वर्षी मुलगी झाली. आणि त्याच महिन्यात खबर आली, की गोव्याहून मोठे पाद्री किनाऱ्यानं गावोगाव फिरत येताहेत. शनिवारी इथं पोचतील, रविवारी पोरांना बाप्तिस्मा देतील. रेजिनला आभाळ ठेंगणं झालं. माझ्या पोरीच्या डोक्यावर मोठ्या पाद्रींच्या हातचं पाणी पडणार! कैतान म्हणाला, मग जेवण पण तसंच झालं पाहिजे. चार गडी घेतले आणि बुधवारी निघाला लांब पाण्यात, घोळ मासा आणायला. जाताना म्हणाला, शनिवारी उजाडता दारात असेन.

आता तो मोसम थंडीचा. तुम्ही येताना खाडीकाठी बांबूच्या वलांड्या बघितल्या ना, त्यावर बोंबील वाळत घालतात? तेव्हा त्या अख्ख्या किनाऱ्यावर होत्या, खाडीच्या तोंडापासून पार त्या खुरसापर्यंत, म्हणजे क्रुसापर्यंत. वास काय सांगू! आम्हाला तो येत नाही. जन्मल्यापासून नाकात बसलेला, त्याचं काय येणार? पण रेजिनला एकदम तो यायला लागला. मोठे पाद्री येणार म्हटल्यावर नाकानं कांदे सोलायला लागली बाई. आळीतल्या सगळ्या बायकांना गोळा केलं नि म्हणाली, "हे बोंबील आधी हलवा. पाद्रीबाबा खाडीवरूनच माघारी फिरतील, माझी पोर तशीच राहील."

बायका कुरकुरल्या. पण अकरा वर्षांची वाट सगळ्यांनी बघितलेली, तिचं मन कोण मोडणार? शुक्रवारी बैलगाड्या भरल्या, ओलं-सुकं सगळं डोंगरापलीकडच्या बाजाराला पाठवून दिलं. वलांड्या धुतल्या. वाळू झाडून काढली. म्हणे, एक खवला दिसत नव्हता. देवळात धुपाटणी पेटवली नि शेरभर ऊद घातला. शनिवारी उजाडलं तेव्हा आमचं खुरीसबंदर पहिल्यांदा सुगंधी झालं होतं.

आणि त्याच सकाळी धुकं उतरलं. साधं नाही. स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात असं.

कैतानचा बाप, म्हातारा इनास तांडेल, डोळ्यांनी अधू झालेला. रोज सकाळी काठी टेकत किनाऱ्यावर येऊन बसायचा. त्या दिवशी आला, बसला, आणि बसल्या जागी मान फिरवायला लागला. या बाजूला नाक, त्या बाजूला नाक. रेजिन पोरीला कडेवर घेऊन नवऱ्याची वाट बघत तिथंच उभी होती. म्हातारा म्हणाला, "सूनबाई, मी कुठं आलो गो? हा आपला किनारा नाही."

"आपलाच आहे, बाबा."

"मग बोंबील कुठं गेले?"

तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं पोरी, काय केलंस हे! धुक्यातनं कैतान नि गडी घरी कसे येणार?"

बघा, चूक कुठं झाली ती. खाडीच्या तोंडावर पाच खडक आहेत, करवल्या म्हणतो आम्ही त्यांना. डोळ्यानं दिसत असेल तर पोर पण होडी आत आणील. पण धुक्यात जुने तांडेल एकाच गोष्टीवर यायचे, नाकावर. पहाटेपासून जमिनीकडून समुद्रात वारा वाहतो, मतलई म्हणतात त्याला. तो वलांड्यांवरचा वास घेऊन दूर पाण्यात जायचा. वासाच्या तोंडाला होडी धरायची की करवल्या आपोआप बाजूला राहायच्या. हे प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं आणि एकानंही कधी घरी सांगितलं नव्हतं. आपण श्वास घेतो हे कोण बायकोला सांगत बसतो? आणि बोंबील सगळे बायकांच्या हातात. त्यांना वाटलं, वास म्हणजे नुसता वास.

 कुणीतरी धावत जाऊन घंटा वाजवली. इनास ओरडला, "बंद करा ती घंटा! डोंगरावर आपटून आवाज दोन्हीकडून येतो, खडकावर जाईल पोरगा!" घंटा थांबली. म्हातारा म्हणाला, मतलई आहे तोवर काय ते करा. उन्हं वर आली की वारा उलटेल, समुद्राकडनं यायला लागेल, मग होडी आपोआप करवल्यांवर.

आता बाईनं काय करावं? गाड्या डोंगरापलीकडं गेलेल्या. गावात उरलं होतं ते फक्त पावसाळ्याचं. घरोघरी माळ्यावर टोपल्या भरून ठेवलेली बेगमी. चार महिने समुद्र बंद, तेव्हा पोरं त्यावर जगतात. रेजिननं पोरीला सासऱ्याच्या मांडीवर दिलं, घरात गेली, माळ्यावरची आपली टोपली डोक्यावर घेतली आणि इथं वर आली. कारण गावात सगळ्यात पुढं, समुद्रात घुसलेली जागा हीच. धुक्यानं बाहेर लाकूड पेट घेईना, आणि इथं धुपाटण्यात निखारे तयार होते. तिनं खुरसाची खूण केली, वेदीवरची मखमल ओढून काढली, दगडावर निखारे ओतले नि त्यावर बोंबील टाकले. मागची खिडकी उघडली. पदरानं वारा घालायला लागली, आणि रडत म्हणत होती, "मी वासाची लाज धरली, सायबा. माझी लाज घे, माझा माणूस दे."

तिची टोपली संपत आली तेव्हा मागं पावलं वाजली. ज्या बायकांना तिनं दटावून वलांड्या धुवायला लावल्या होत्या, त्याच सगळ्या आल्या होत्या, आपापली टोपली डोक्यावर घेऊन. एकीनं पण टोमणा मारला नाही. अशा बायका होत्या या गावात, आजही आहेत म्हणा, पण त्यांच्या तोंडावर मी असं बोलत नाही.

आणि नेमके त्याच वेळी मोठे पाद्री दारात! अंगावर जरीचा झगा, मागं मानकरी. देवळात धूर, वेदीवर बोंबील, आणि पन्नास बायका खोकताहेत. सगळ्यांची पाचावर धारण बसली. रेजिन मात्र हलली नाही. गुडघे टेकले, पण एका हातानं पदर हलवतच राहिली. म्हणाली, "पाद्रीबाबा, शिक्षा मागाहून द्या. पाच माणसं धुक्यात आहेत. ती या वासावर घरी येतात."

पाद्रींना काय कळलं, कुणी समजावलं, देव जाणे. पण म्हणतात, ते तीन पायऱ्या चढले. टोपलीतला एक बोंबील उचलला, आपल्या हातानं निखाऱ्यावर ठेवला. मग अंगातला तो जरीचा झगा उतरवला आणि दोन्ही हातांत धरून खिडकीकडं वारा घालायला लागले. घामानं निथळले, पण थांबले नाहीत.

टोपल्या संपत आल्या. वारा पडायला लागला. खिडकीतनं बाहेर जाणारा धूर हळूहळू आतच घुटमळायला लागला. बायकांनी जपमाळ सुरू केली. रेजिनला शब्द आठवेनात, ती पदर हलवत राहिली. आणि धुक्याच्या आतनं, अगदी खालनं, एक आवाज आला.

"अरे, कुणाचे बोंबील करपले?"

कैतान! रेजिन म्हणे हसायला लागली, रडायला लागली, दोन्ही एकदम.

होडी आत आली, पाचही माणसं धड. कैतान सांगायला लागला, पहाटेपासून खाडीच्या आसपास घिरट्या घालत होतो. पण वास यायचा उदाचा. एक गडी म्हणाला, तांडेल, आपण मेलो, हे स्वर्गाचं दार आलं. "मग काय, मारलं वल्हं उलट! स्वर्गात जाऊन काय करू, माझ्या पोरीचा बाप्तिस्मा आहे!" शेवटी करपलेला बोंबील नाकात गेला, तेव्हा म्हटलं, हे आपलं घर.

रविवारी बाप्तिस्मा झाला. पोरीच्या अंगाला धुराचा वास, पाद्रींच्या अंगाला तोच, सगळ्या गावाच्या अंगाला तोच. त्या पावसाळ्यात इथं पेजेवर दिवस काढले लोकांनी, पण कुणी त्याचं दुःख केलं नाही. आणि रेजिननं सगळ्यांसमोर नवस बोलला, की दर शनिवारी या जागी बोंबील भाजला जाईल. आणि पाहुणा आला म्हणून पुन्हा काही लपवायचं नाही. उलट पाहुण्याच्याच हातानं भाजून घ्यायचा, जसा मोठ्या पाद्रींनी भाजला. पाद्री म्हणाले, ही चूल आता इथनं हलवू नका. वेदीसाठी गावात दुसरं देऊळ बांधा, आणि ही जागा समुद्रावरनं येणाऱ्याला नि परगावच्याला राहायला ठेवा. शनिवारी यावं, अंग धुवावं, रविवारी विसावा घ्यावा. तेव्हापासनं हे घर आहे. तुम्ही त्याच बोलावण्यावर आलात, समजा.

आता तुम्ही म्हणाल, नाखवा, होड्यांवर यंत्रं आली, मोबाइल आले, वास कुणाला पाहिजे? माझा धाकटा सेल्विन पण तेच म्हणतो. आज तो समुद्रावरच आहे, ऊन चढून वारा उलटायच्या आत येईल. पण त्यालाच विचारा, खाडीच्या तोंडाशी आल्यावर तो काय करतो. मान वर करतो आणि हुंगतो. मी पण चाळीस वर्षं तेच केलं. एकदा तर धुक्यात याच खिडकीच्या वासावर घरी आलो. तेव्हा सेल्विन आईच्या पोटात होता. कोण पाहुणे होते त्या दिवशी, मला आजवर ठाऊक नाही. रोज रात्री त्यांच्या नावानं एक प्रार्थना म्हणतो, बिननावाची.

तर आजही ही चूल वेदीच्या जागीच आहे, आणि आजही दर शनिवारी पाहुण्याच्या हातानं पेटते. शाकाहारी असाल तर नुसती फुंकर घाला, तेवढंही चालतं.

फक्त एक गोष्ट पूर्वीसारखी राहिली नाही. चार वर्षांमागं ती साथ आली ना, तेव्हा ताप गेला नि जाताना माझं नाक घेऊन गेला. तेव्हापासनं मला कसलाच वास येत नाही. ना फुलाचा, ना माशाचा. दर शनिवारी चूल पेटते, मी इथं उभा असतो, आणि मला कळत नाही की वास निघालाय की नाही, बाहेर पोरापर्यंत जाईल की नाही. विचारायला पण बरं नाही वाटत.

म्हणून म्हटलं, ताई, लाजू नका. तुम्ही नाकाला ओढणी लावलीत, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. फार उपकार झाले तुमचे. घ्या, चहा घ्या.