गोजराबाईचे पाय

“माझ्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही, सिस्टर! एकानंही नाही!”

प्रणोती वायचळ दारातूनच बोलत आली. हातात चौकशीचा कागद. डोळे लाल, पण मान ताठ.

साळवे सिस्टर औषधाच्या वाट्या पुसत होत्या. पुसत राहिल्या.

“काय सांगितलंस त्यांना?”

“खरं तेच. गोजराबाई काल दिवसभर चवताळली होती. बसेना, ऐकेना. दोन आयांनी धरून बाकावर बसवली, तर हिसडा देऊन सुटली आणि दाराच्या गजावर कपाळ आपटून घेतलं. चार टाके पडले. यात माझा काय दोष? तर अधीक्षकसाहेब म्हणतात, तुम्हाला पेशंट सांभाळता आला नाही.”

“मग?”

“मग हा कागद दिला. चूक कोणाची ते वॉर्डानं लिहून द्यायचं, आज पाचच्या आत. माझं नाव आलं की माझी जागा गेली, सिस्टर.”

जागा कसली, ते अख्ख्या मनोरुग्णालयाला ठाऊक होतं. नर्सबाईंसाठी नवा अभ्यासक्रम निघाला होता. तो पुरा केला की स्वतःचं टेबल, स्वतःची ओपीडी, काही औषधं आपल्या सहीनं लिहायचा हक्क. पुढं वाटलं तर परदेश. जागा एकच, आणि प्रणोतीचं नाव यादीत पहिलं. सुवर्णपदक होतंच. पदकापेक्षा ते आहे याची जाणीव जास्त होती.

आणि का नसावी? या नोकरीत दुसरं मिळतं काय! सोयरीक बघायला आलेले विचारतात, मुलगी कुठं असते? वेड्यांच्या इस्पितळात म्हटलं की त्यांचा चहा निम्मा राहतो. नखं लागतात, थुंकी पडते, शिव्या तर विचारूच नका. आणि घरी गेलं की सासू म्हणते, तुमचं काय बाई, दिवसभर खुर्चीत बसायचं.

साळवे सिस्टरांनी हे एकतीस वर्षं केलं. उजव्या मनगटावर चाव्याचा व्रण होता. चावलेली बाई बरी होऊन गेली. तिच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा सिस्टर जेवायला जाऊन आल्या. अंगावर धावून येणाऱ्या बाईवरही त्यांनी कधी हात उगारला नाही. त्या सरळ जमिनीवर बसत. उभ्याला मारता येतं, बसलेल्यापाशी येऊन बसावं लागतं. हे कुठल्या पुस्तकात नाही.

प्रणोती दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होती. आदर करायची. पण मनात म्हणायची, बाईंचं सगळं हाताचं, डोक्याचं नाही.

“कुणाचं नाव लिहावं म्हणतेस?” सिस्टरांनी विचारलं.

“डॉक्टरांचं. सुई त्यांनी वाढवली. फोनवर.”

“गोजराबाई काय म्हणते?”

“ती?” प्रणोती हसली. “ती म्हणते पायात कुणीतरी शिरलंय. भ्रमच तो. तिला काय विचारायचं?”

सिस्टरांनी फडकं खाली ठेवलं…

“चल.”

व्हरांड्यात गोजराबाई फेऱ्या घालत होती. कपाळावर पट्टी, अंगावर इस्पितळाचं हिरवं लुगडं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत या भिंतीपर्यंत.

प्रणोती म्हणाली, “बघा! आता हिला बसवा पाहू.”

सिस्टरांनी तिला बसवलं नाही. त्यांनी आपल्या चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या, आणि गोजराबाईच्या बरोबरीनं चालायला लागल्या.

एक फेरी. दोन. सात.

बाकावरच्या बाया टकामका बघायला लागल्या. एकजण म्हणाली, “साळवेबाईलापण लागलं गं!” सगळ्या हसल्या. सिस्टरही हसल्या, पण थांबल्या नाहीत.

प्रणोतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचला कागद द्यायचा, आणि या बाईंना फिरणं सुचतंय!

अकराव्या फेरीला सिस्टर म्हणाल्या, “कुठून सुरू होतं गं, गोजराबाई?”

“गुडघ्याच्या आतनं.”

“मुंग्या?”

“मुंग्या कसल्या, बाई. हाडात कुणी रवी घुसळतंय. बसले की घुसळतं. चालले की जरा दम खातं.”

“कधीपासून?”

“सोमवारच्या सुईपासनं. काल दुसरी दिली, मग तर जीव नको झाला. धरून बसवली मला. आतनं घुसळतंय आणि वरनं दोघी दाबतायत… डोकं फोडून घेतलं, म्हटलं कुठं तरी दुसरीकडं दुखू दे.”

“सांगितलं नाहीस कुणाला?”

“हिला सांगितलं की! तीनदा.” गोजराबाईनं हनुवटीनं प्रणोतीकडं दाखवलं. “पोरगी गुणाची आहे, बाई. सगळं लिहून घेते. अक्षर तर मोत्यासारखं.”

प्रणोती भिंतीशी उभी होती. तिचा चेहरा उतरला.

सुईनं होणारा हा त्रास. बसवत नाही, पाय थांबत नाहीत, आजार वाढला असं वाटतं, आणि औषध वाढवलं की त्रास दुप्पट. तिनं यावर परीक्षेत अख्खं पान लिहिलं होतं. वीसपैकी अठरा मिळाले होते.

तेच पान दोन दिवस तिच्यासमोर फेऱ्या घालत होतं.

“सिस्टर…”

“डॉक्टरांना फोन लाव.”

तिनं लावला. सिस्टरांनी फोन घेतला.

“साहेब, पुढची सुई थांबवा. पायांच्या तळमळीवर गोळी लिहून द्या. … नाही साहेब, आजार वाढलेला नाही. … मी म्हणत नाही, गोजराबाई म्हणते. मी नुसता फोन धरलाय. … बघायलाच या, मी तेच म्हणते. येताना लांब ढांगा टाकत या, ती थांबत नाही.”

डॉक्टर आले. अर्धी फेरी त्यांनीही मारली. गोळी लिहिली.

साडेतीनचा चहा आला तेव्हा गोजराबाई बाकाच्या टोकाला टेकली. उठली. परत टेकली… मग बसूनच राहिली. कप दोन्ही हातांनी धरला आणि फुर्रकन आवाज करत प्यायली. चहा काय तो, गूळपाणी. पण असा चहा कुणी प्यायलेला प्रणोतीनं पाहिला नव्हता.

तिला रडू आलं. ती आत गेली, कागद पुढ्यात ओढला आणि पेन काढलं.

थोड्या वेळानं सिस्टर आल्या. खांद्यावरून कागद पाहिला.

“तुझं नाव लिहिलंस.”

“हो.”

“जागा जाईल.”

“जाऊ दे. तीनदा सांगितलं तिनं मला. मी तिच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, सिस्टर.”

“हं…” सिस्टर म्हणाल्या. “पण खालच्या ओळीत का लिहिलंस? वरची मोकळी आहे.”

प्रणोती घुटमळली. “वर डॉक्टरांचं लिहावं म्हणून… त्यांचीही चूक आहेच ना थोडी?”

सिस्टरांनी कपाटातून कालचा वॉर्डाचा कागद काढला. तिच्यापुढं ठेवला.

“वाच. मोठ्यानं.”

“‘आक्रमक. सूचना पाळत नाही. सुई वाढवण्याबाबत विचारावे.’”

“अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“डॉक्टर काल इथं होते?”

“नाही. फोनवर मी हेच वाचून दाखवलं.”

“वॉर्डाच्या मुख्य सिस्टरची सही असल्याशिवाय असं वाचून दाखवता येतं?”

“नाही…”

“मग? खाली बघ.”

प्रणोतीनं पाहिलं. सही होती. घाईतली, पण पुरी.

“काल दुपारी गोजराबाई या टेबलासमोरून चाळीस वेळा गेली,” सिस्टर म्हणाल्या. “मी मान वर केली नाही. सुवर्णपदकाचं अक्षर वाचलं, आणि सही ठोकली. अविश्वास म्हणतेस, पोरी? विश्वासच नडला गोजराबाईला.”

“सिस्टर, निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या! एकतीस वर्षांत एक ठपका नाही…”

सिस्टरांनी पेन उचललं, तिच्या हातात नीट बसवलं, आणि बोट वरच्या मोकळ्या ओळीवर ठेवलं.

बाहेर बाकावर कुणीतरी हसलं.

“काय लिहू?” प्रणोतीनं विचारलं.

“रिबेका साळवे.”