पंख छाटलेली जयदेवी

फार मागे एका ग्रीक नगराने लढाई जिंकली, तेव्हा पंखवाली जयदेवी तिथल्या देवळात उतरली. ती उद्या शत्रूकडे जाईल या धास्तीने लोकांनी तिचे पंखच छाटले. "आता जाशील कुठे?" ते हसले.

पश्चिमेच्या बेटांवरच्या युद्धदेवीची कावळी रणातल्या मढ्यांवर पोट भरून घरी निघाली होती. देवळात जयदेवीच्या येरझारा बघून ती थांबली. "ताई, एवढी घालमेल कसली गं?"

"अगं, लढाई संपली की मी उडून जाते, तेव्हा कुठे लोक नांगर धरतात. लढाईशिवाय मला राहताच येत नाही. आता मी इथेच, म्हणजे लढाईही इथेच."

कावळीने परतीचा बेत सोडला. खालून एक काडी उचलून आणली आणि देवळाच्या छपरावर घरटं बांधायला घेतलं.