शिव्यांचा मळा

पुळणवाडीच्या किनाऱ्याला, सुरूच्या बनाआड हा एवढासा मळा दिसतो ना, त्याच्या कुंपणापाशी नाकाला रुमाल लावू नका. मळ्याचा अपमान होतो, आणि इथे अपमान करण्याचा मान फक्त मळेवालीचा.

असे सांगतात, फार पूर्वी इथे नुसती पांढरी वाळू होती. ओतलेली घागर दोन श्वासांत गडप. त्या वाळूत आवडू नावाची एकटी बाई झोपडी घालून राहिली. अंतोबा खोतांना तिथे होड्या ओढून ठेवायच्या होत्या. त्यांनी गावासमोर अट घातली : तिसऱ्या वैशाखात इथली मूठभर माती दाबून पाहीन, लाडू राहिला तर जागा तुझी, सुटला तर तू चालती हो.

वर्षभर आवडूने एकटीने शेण वाहिले. वाळूने ते गिळले, ढेकरही दिला नाही. एके सकाळी कुणीतरी तिच्या दारात माशांची डोकी टाकली. तिने सणसणीत शिवी हासडली. दुसऱ्या दिवशी दुप्पट डोकी आली. बाई विचारात पडली म्हणे. तिसऱ्या दिवसापासून ती घराघराचे नाव घेऊन शिव्या देऊ लागली. चिडलेला गाव शेण, वाळका पातेरा, मासळीची घाण पाट्या भरभरून कुंपणावरून फेकू लागला. ती ते सगळे वाळूत पुरी आणि वर शेवाळ, झावळ्या पसरी. एका सज्जन भटजींनी काहीच फेकले नाही, तर त्यांना तिने तीन दिवस खास ऐकवले.

पण तिसऱ्या चैत्रात गाव शिव्यांना सरावला. लोक हसू लागले, पाट्या थांबल्या. आवडू रोज माती दाबून पाही. लाडू होई आणि बोट लागताच ढासळे. महिनाच उरला होता. तेव्हा ती थेट खोतांच्या दारात गेली आणि खोतीणबाईंना म्हणाली, "तुमच्या कालवणात मासो नुसतो पोहून जाता म्हणे."

महिनाभर खोतांच्या गोठ्यातले आणि चुलीपुढचे एकूण एक शेण-खरकटे कुंपणावरून आले.

वैशाखात गाव जमला. खोतांनी माती दाबली, मूठ उघडली. लाडू उभा. मग त्यावर एक भेग सरकू लागली. तांबोशी मासळीच्या एका खवल्यापाशी येऊन भेग थांबली. खोतांनी हात नाकाशी नेला.

"ह्यो तर आमच्याच घरचो वास."

"म्हणानच मातीन तुमचो हात सोडूक नाय, खोतानू."

आजही वैशाखात खोतांच्या घरचा माणूस इथली माती मुठीत दाबतो. आजही मळेवाली आल्यागेल्याला शिव्या घालते, आणि शिवी खाल्लेला पाटीभर कुजके टाकून जातो. म्हणून तर भर वाळूत हा लाल माठ गुडघाभर वाढलाय. तुम्ही मात्र रिकाम्या हातांनी आलात. ती बघा, पदर खोचून निघालीच.