केशरच्या नावाचे तेल

एकदा एक वृद्ध गोंधळी आपल्या शिष्याला घेऊन एका सधन घरी देवीचा गोंधळ घालायला निघाला. त्या घरच्या मुलाचे लग्न आदल्या दिवशी झाले होते. ते त्याचे दुसरे लग्न. पहिली बायको, केशर, परसातल्या आडात सापडली होती. पाय घसरला, असे घरच्यांनी सांगितले आणि गावाने मान डोलावली.

शिष्य वाटभर धुमसत होता.

“आबा, पाय घसरून पडलेल्या बाईच्या गळ्यावर वळ कसे उठतात?”

“जरा हळू चाल. माझे गुडघे दुखतात.”

“आणि त्याच घरात आपण नाचायचं? शेंबड्या पोराला ठाऊक आहे तिथं काय झालं ते. तुम्हा म्हाताऱ्यांचं नेहमीचंच. डोळ्यांवर कातडं ओढायचं आणि सुपारी घ्यायची!”

“दिवटीच्या चिंध्या घट्ट गुंडाळल्यास ना?” म्हाताऱ्याने विचारले. “मागल्या खेपेला सुटल्या होत्या.”

शिष्याने दात खाल्ले.

दिवेलागणीला अंगणात चौक मांडला गेला. पाटावर धान्य, धान्यावर कलश, भोवती उसाचे मखर. नवरा-नवरी समोर बसली. नवरी लांबच्या गावची. सोबत पाठराखीण म्हणून तिची मावशी आली होती. शिष्याने दिवटी पेटवून हातात धरली. म्हाताऱ्याने संबळावर काठी टाकली आणि त्याचे दुखरे गुडघे कुठल्या कुठे गेले. गळ्यातल्या कवड्यांच्या माळा उसळू लागल्या. चौकाभोवती फेर धरत तो एकेका देवीला नावाने हाक मारू लागला, गोंधळाला बोलावू लागला. त्या घरची रीत अशी, की प्रत्येक नावासरशी सासूने दिवटीवर तेल घालायचे. ती घालत होती. तुळजापूर झाले, माहूर झाले, कुलस्वामी झाला, वेशीवरचा देव झाला.

मग म्हातारा परसाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच सुरात म्हणाला, “आडातल्या केशरबाई, गोंधळाला या.”

सासूचा हात हवेतच थांबला.

“म्हाताऱ्याला चळ लागलाय,” ती हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. “पुढं म्हणा.”

म्हातारा पुढे गेला नाही. नाचही थांबला. फक्त संबळ वाजत राहिला. “आडातल्या केशरबाई, गोंधळाला या.”

दिवटी मंदावू लागली. लग्नघरात दिवटी विझणे म्हणजे त्या घरावर देवीचा कोप. शिष्याच्या मनगटाला धग लागत होती ती कमी झाली. सासूच्या हातातल्या तेलाच्या बुधलीकडे त्याचा हात गेला. म्हाताऱ्याने काठीने तो हात बाजूला सारला.

“केशर कोण?” नवरीने विचारले.

नवऱ्याने मान खाली घातली. मागच्या बायकांत चुळबुळ झाली. शेवटी शेजारची एक विधवा बसल्या जागेवरून म्हणाली, “तुझ्या आधीची, बाई. तुझ्या पाटावर ती बसली होती.”

“ए, गप गं!” सासरा ओरडला.

“दोन वर्षं गप्पच आहे,” ती म्हणाली. “रात्री ओरडत होती ती. आम्ही दारं लावून घेतली.”

नवरी उठली. सासूच्या हातातली बुधली तिने काढून घेतली आणि दिवटीवर तेल ओतले. ज्योत भडकली. त्या उजेडात तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता. ती मावशीकडे वळली.

“मावशी, चल. आपण आत्ताच निघायचं.”

ती विधवा कंदील घेऊन त्यांच्यापुढे झाली. मग आणखी दोघी उठल्या.

घरच्या माणसांनी गोंधळ्यांना वेशीपर्यंत धक्के मारत नेले. संबळाचे कातडे कोयत्याने फाडले. म्हाताऱ्याची भुवई फुटली होती.

“आबा,” शिष्य म्हणाला, “हे तुम्ही वाटेतच मला का सांगितलं नाही?”

“तू दारातच भांडला असतास. त्यांनी कुत्री अंगावर घातली असती, आणि नवरी आत बसलेली.” म्हाताऱ्याने उपरण्याने रक्त पुसले. “गोंधळात सगळ्यांना ऐकावं लागतं, म्हणून तर आपण नाचतो, पोरा. घरात नवी सून आली की ह्या घरात कोण कोण आहे ते तिच्या कानावर घालायचं. देव त्याला साक्षी असतात. देवींना लांबून बोलवायचं आणि परसातल्या बाईला वगळायचं, तर ते आवाहन खोटं. खोट्या आवाहनाला देवी कशाला येईल?”

“आता या गावात आपल्याला कोणी बोलावणार नाही.”

“नाही बोलावणार.”

शिष्याने फाटका संबळ म्हाताऱ्याच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर घेतला.

पुढे काही वर्षांनी तो म्हातारा वारला. शिष्य दुसऱ्या मुलखात गोंधळ घालू लागला. तिथेही सगळ्या देवी बोलावून झाल्या की तो थांबे, दिवटी जरा उंच धरे आणि मागे बसलेल्या बायकांना विचारे,

“आणखी कोणाला बोलवायचं राहिलंय?”

ज्या घरात या प्रश्नावर बायका खाली बघत, तिथे त्यांच्यातल्या कोणाच्या तोंडून नाव येईपर्यंत तो वाट पाही.