सगळ्यांची तोंडं ओढ्याकडे

मला एक सांगा, तुमच्यापैकी कुणाला स्वतःची पाठ दिसते का?

लहान मुलं लगेच मान वळवून बघतील. मोठी माणसं हसतील आणि म्हणतील, हा काय प्रश्न झाला? पण एका कळपाने हा प्रश्न स्वतःला विचारला नाही, आणि त्याची किंमत त्या कळपातल्या एका कोवळ्या जिवाने दिली. म्हणून आधी विचारून घेतलं.

फार जुना काळ होता. रानाला अजून कुंपण नव्हतं. एका डोंगराच्या पायथ्याशी मोठा माळ पसरला होता. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधे छातीएवढं गवत. त्या माळावर रानम्हशींचा एक कळप राहत असे.

रानात वाघही होता. एकट्यादुकट्या म्हशीचा वाघापुढे काय निभाव लागणार? पण या कळपाची एक जुनी रीत होती. वाघाचा वास आला की सगळे जण कडं करत. पारडी मधे, मोठी जनावरं भोवती. शेपट्या आत, शिंगं बाहेर. कुणाचं तोंड ओढ्याकडे, कुणाचं डोंगराकडे, कुणाचं बाभळीच्या बनाकडे. ज्याला जे दिसे ते तो मोठ्याने सांगे.

"इकडे मोकळं!"

"इकडेही मोकळं!"

"थांबा, माझ्यासमोर गवत हललं!"

मग त्याच्या शेजारचे त्याच्या बाजूला सरकत आणि तिथे शिंगांची भिंत उभी राही. वाघ कड्याभोवती फिरत राही आणि उपाशी निघून जाई. शेजाऱ्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याचं ऐकायचं. त्या रीतीत शहाणपण एवढंच होतं, पण कित्येक पिढ्यांची पारडी त्यावर मोठी झाली होती.

पुढे एक दांडगा रेडा कळपाचा म्होरक्या झाला. रेडा खरंच शूर होता, उगाच खोटं कशाला बोलू? एकदा ओढ्याच्या बाजूने वाघ आला, तेव्हा हा एकटा धावून गेला आणि त्याने वाघाला पाण्यात लोटलं. कळपाने त्याचं कौतुक केलं. करायलाच हवं होतं. पण ते कौतुक थांबेचना. रेडाही ती हकिगत रोज सांगे, आणि रोज त्यातला वाघ थोडा मोठा होत जाई.

रेड्याच्या पाठीवर एक बगळा बसायचा. त्याच्या अंगावरच्या गोचिडी खायचा आणि अधूनमधून त्याच्या कानाशी लागायचा.

एके संध्याकाळी कडं झालं असताना बगळा म्हणाला, "महाराज, वरून बघवत नाही हो. कळप एक आणि जेवढी डोकी तेवढ्या दिशा! तुम्ही ओढ्याकडे बघताय आणि मागे कितीतरी जण चक्क तुमच्याकडे पाठ करून उभे आहेत. लांबून बघणाऱ्याला वाटेल, यांच्यात फूट पडली."

रेड्याने असा विचार कधी केला नव्हता. पण एकदा मनात शिरल्यावर तो बाहेर जाईना. शेवटी त्याने सगळ्यांना गोळा केलं.

"आजपासून कडं बंद," तो म्हणाला. "आता रांग. वाघ ओढ्याकडून येतो, हे मी स्वतः पाहिलंय. सगळ्यांची तोंडं ओढ्याकडे, पारडी पाठीमागे. एक कळप, एक दिशा! जो तोंड फिरवेल तो आपला नाही."

"एक कळप, एक दिशा!" सगळे ओरडले. ऐकायला छान वाटत होतं. खांद्याला खांदा लावून उभं राहिल्यावर दिसायलाही छान वाटलं.

त्या रांगेत एक म्हैस होती. लहानपणी खडकावर आपटून तिचं एक शिंग खाली वळलं होतं, म्हणून सगळे तिला वाकडशिंगी म्हणत. तिचं पारडू अजून दूध पीत होतं. जुन्या कड्यात ती नेहमी डोंगराच्या बाजूला उभी राहायची. आता तिचं तोंड ओढ्याकडे होतं, पण कान मागे फिरायचे काही थांबले नाहीत.

एके सकाळी चरताना डोंगराच्या उतारावर तिला गवत दबलेलं दिसलं. कुणीतरी जड अंगाचं तिथे पोटावर पडून बराच वेळ माळाकडे बघत बसलं होतं. गवताला वाघाचा वास होता.

संध्याकाळी रांग लागली आणि डोंगरावर वानर इशाऱ्याचं खाकरलं. वाकडशिंगीने मान वळवली आणि जुन्या सवयीने ती ओरडली, "डोंगराकडे बघा! तिथे वाघ बसून गेलाय. आता तो त्या बाजूने येणार!"

सगळ्या रांगेचे कान तिच्याकडे वळले.

"तुला मान फिरवायला कुणी सांगितलं?" रेड्याने विचारलं.

"दादा, सांगायला कशाला हवं? मागे आपली पारडी आहेत."

"म्हणजे मी पारड्यांचा वैरी?"

"असं कुठे म्हणाले मी? तुम्ही ओढा सांभाळा, तो तुमच्यासारखा कुणाला सांभाळता येणार? फक्त पूर्वी डोंगराकडे उभ्या राहणाऱ्या आम्हा चौघींना मागे तोंड करू द्या."

"आज चौघी म्हणतील, उद्या सगळेच म्हणतील," बगळा म्हणाला. "आणि महाराज, डोंगरावरची एवढी खबर हिला आली कुठून? वाघाला भेटायला जाते की काय?"

दोघे-तिघे हसले. त्यांचं बघून शेजारचे हसले. ते हसणं सरकत सरकत रांगेच्या टोकापर्यंत गेलं.

"वाघाची बहीण!" कुणीतरी टोमणा मारला.

"शिंग वाकडं, तशी बुद्धीही वाकडी!"

रेड्याने खूर आपटला. "चालती हो. कळपाशी तुझा संबंध संपला. पाणवठ्यावर हिच्याशेजारी कुणी पाणी पिणार नाही. हिचं नाव कुणी घेणार नाही."

वाकडशिंगीने पारड्याला हाक मारली. पारडू शेपटी उडवत धावत आलं. रेडा मधे आडवा उभा राहिला.

"पारडू कळपाचं आहे. ते इथेच राहील."

"अहो, दूध पितं ते अजून!"

"मग तोंड उघडण्याआधी विचार करायचा होता."

रांगेत वाकडशिंगीची धाकटी बहीण भुरी उभी होती. तिचंही पारडू तेवढंच. रेडा पाण्यावर गेला तशी ती पटकन जवळ आली.

"ताई, तुझं खरं आहे गं," ती हळूच म्हणाली. "मलाही वास आला होता."

"मग बोल की तसं!"

"आत्ता? ही वेळ आहे का बोलायची? मलाही काढलं तर माझ्या पारड्याचं काय? मी आत राहते. तुझ्या पारड्यालाही पाजीन. हळूहळू समजावू आपण त्यांना."

"हळूहळू? वाघ हळूहळू येणार आहे का?"

भुरीने इकडे तिकडे बघितलं आणि ती परत रांगेत जाऊन उभी राहिली. तिने शब्द मात्र पाळला. दोन्ही पारड्यांना पाजलं. तेवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

वाकडशिंगी उतारावरच्या एका खडकापाशी जाऊन राहिली. रोज संध्याकाळी ती तिथून ओरडायची, "डोंगराकडे बघा!" खाली सगळ्यांना ते ऐकू जायचं. सगळे ऐकू न आल्यासारखं करायचे.

कळपात एक म्हातारा रेडा होता. त्याला सगळे आजोबा म्हणत. एकदा न राहवून त्यांनी म्होरक्याला विचारलं, "बाबा रे, तिने वाघ आणला का? नुसतं नाव तर घेतलं त्याचं." आजोबांना काढलं. आजोबांना काढायला नको होतं, असं एक म्हैस म्हणाली. तिलाही काढलं. एका तरण्या रेड्याने माशी हाकलायला मान वळवली. बगळ्याने ते पाहिलं, आणि त्यालाही काढलं. हाकललेले सगळे वाकडशिंगीच्या खडकापाशी जमत गेले. दर वेळी रांग तोकडी होत होती आणि बगळा म्हणत होता, "बघा महाराज, आता कशी सरळ दिसते!"

इथे आले की मला फार राग येतो. रेड्याचा येतो, बगळ्याचा येतो, पण सगळ्यांत जास्त येतो तो रांगेतल्यांचा, ज्यांच्या नाकाला वास आला होता आणि तरी जे तोंड मिटून उभे राहिले. रेड्याला शिंगं दोनच होती. या सगळ्यांची मिळून किती होती! सगळ्यांनी एकदम मान वळवली असती, तर रेडा कुणाकुणाला काढणार होता?

पण कुणी वळवली नाही.

एके दिवशी ऊन कलायला लागलं आणि मोर ओरडायला लागले. वाघाचा वास माळभर पसरला. "रांग!" रेडा गरजला. सगळ्यांची तोंडं ओढ्याकडे झाली. बगळा तेवढा बाभळीच्या शेंड्यावर जाऊन बसला.

वाघ डोंगराच्या घळीतून उतरला. त्याला घाई नव्हती. समोर त्याला शेपट्यांची एक सरळ रांग दिसत होती, आणि त्या शेपट्यांच्या अलीकडे उघड्यावर उभी असलेली पारडी.

"आला! तुमच्या मागे आला!" वरून वाकडशिंगी जीव तोडून ओरडली आणि उतारावरून धावत सुटली.

भुरीने मागे हंबरणं ऐकलं. आपल्या पारड्याचा आवाज आईला ओळखावा लागतो का? तिची मान वळली, पण अर्धीच.

"समोर बघा!" रेडा ओरडला. "मागे काही नाही! मागे बघेल तो कळपातून गेला!"

भुरीने मान पुन्हा समोर केली. आपल्याला काढलं तर पारड्याचं काय होईल, या भीतीने ती इतके दिवस गप्प राहिली होती. त्याच भीतीने ती आत्ताही ओढ्याकडे बघत राहिली. मागे पुन्हा एकदा हंबरणं ऐकू आलं, अर्धवट. मग ऐकू आलं नाही.

तेवढ्यात उतारावरून धूळ उठली. वाकडशिंगी आली. तिच्यामागे आजोबा, ती म्हैस, तो तरणा रेडा, कळपाने हाकललेले सगळे आले. त्यांनी पारड्यांभोवती कडं केलं. कडं लहानसंच होतं, पण शिंगं चारी बाजूंना होती.

"इकडे मोकळं!" आजोबा कापऱ्या आवाजात ओरडले.

"इकडेही मोकळं!"

"माझ्यासमोर आहे!" वाकडशिंगी म्हणाली. एक शिंग सरळ आणि एक वाकडं, पण ती अशी चालून गेली की वाघाने तोंडातलं खाली टाकलं आणि तो घळीकडे पळाला.

त्याने टाकलं ते भुरीचं पारडू होतं. ते हलत नव्हतं.

वाकडशिंगीचं पारडू तिच्या पोटाखाली शिरून दूध लुचायला लागलं.

आता रेडा मागे वळला. बगळाही झाडावरून येऊन त्याच्या पाठीवर बसला.

"तुम्हाला कळपात पाऊल टाकायला कुणी सांगितलं?" रेड्याने विचारलं.

"अरे, काय बोलतोस?" आजोबा म्हणाले. "पारडू मेलंय समोर!"

"महाराज, मी वरून पाहिलं," बगळा म्हणाला. "वाघ ओढ्याकडूनच आला होता. फक्त वळसा घालून आला."

"ऐकलंत?" रेडा म्हणाला. "आपली दिशा बरोबरच होती. ही रोज वरून ओरडायची, म्हणून वाघाला पारड्यांचा पत्ता लागला. चला, रांग लावा."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण काही जण खरंच रांग लावायला निघाले.

भुरी निघाली नाही. ती आपल्या पारड्याचे कान चाटत उभी होती.

"भुरी, रांगेत ये. नाही तर तुलाही काढावं लागेल."

"काढा ना," भुरी म्हणाली. "आत राहून माझं काय राहिलं?" मग ती रांगेकडे वळली. "मला वास आला होता. पहिल्याच दिवशी आला होता. तुला नव्हता आला? आणि तुला, गं? निदान आज तरी खरं सांगा!"

मग एका म्हशीने मान खाली घातली.

"आला होता," ती म्हणाली.

"मलाही."

"मलाही आला होता."

त्या दिवशी हसणं जसं सरकत गेलं होतं, तसा तो शब्द रांगेच्या टोकापर्यंत गेला. पण भुरीच्या पारड्याला त्याचा आता काय उपयोग होता?

भुरी चालत कड्यापाशी गेली. वाकडशिंगी थोडी बाजूला सरकली. त्या जागेत भुरी उभी राहिली, डोंगराकडे तोंड करून. मग रांगेतले एकेक जण आपापलं पारडू पुढे घालून तिकडे निघाले.

"तू बाहेर!" रेडा ओरडत होता. "तूही बाहेर! तूही! तूही!"

शेवटी बाहेर काढायला कुणी उरलं नाही, तेव्हा तो थांबला.

बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं लक्षात ठेवा: वेगळ्या दिशेला बघणाऱ्याला जो कळप बाहेर काढतो, तो आपणहून वाघाला आत घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर रेडा ओढ्याकडे तोंड करून एकटाच उभा होता, आणि त्याच्या पाठीवर बगळाही नव्हता.