वळलेली होडी

“बुवा, ज्याला मी मरणाच्या दाढेतून ओढून काढलं, तोच माणूस मला पाहून तोंड का चुकवतो?”

भार्गवाने हे विचारलं तेव्हा तो आणि त्याचे गुरू आत्मारामबुवा दीपगृहाच्या वरच्या सज्जात उभे होते. इंग्रजांच्या अमदानीतलं ते दीपगृह. पायथ्याच्या कातळांपासून गलबतांना सावध करणारा त्याचा दिवा आजही रोज तिन्हीसांजेला लागे. बुवांचा मठ शेजारच्याच टेकाडावर होता.

“कोण? धाकू सारंग?”

“तोच. खाडीत बुडत होता. मी कपड्यांनिशी उडी घातली. आणि आता मठाची पायरीसुद्धा चढत नाही!”

“आधी यायचा...”

“दर एकादशीला. मी त्याला सगळ्यांसमोर उभा करायचो. म्हणायचो, सांग रे बाबा, त्या दिवशी काय झालं ते.”

बुवांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

“लोकांची श्रद्धा वाढावी म्हणून हो!” भार्गव घाईने म्हणाला.

बुवांनी नजर समुद्राकडे वळवली.

एवढ्यात खाली एक होडी दिसली. कातळांना लांबून वळसा घालून घराकडे निघालेली. आत एकटाच माणूस. धाकूच तो.

भार्गव कठड्यावरून वाकला. त्याने हात उंच केला.

“धाकू! अरे ए धाकू! इकडे बघ, मी आहे!”

धाकूने वर पाहिलं. क्षणभर घुटमळला... आणि त्याने होडी दीपगृहाकडे वळवली.

होडी कातळांच्या तोंडाशी आली तरी भार्गवाचा हात वरच होता. तो हात पाहून धाकूने वल्हं सोडलं आणि नमस्कार केला.

त्याच वेळी लाट आली. होडी आडवी झाली. लाकूड कातळावर कर्रकन घासल्याचा आवाज वरपर्यंत पोचला.

बुवांनी भार्गवाचा हात खसकन खाली ओढला. खांद्यावरचं उपरणं काढून ते जोरजोराने हलवू लागले.

“मागे फिर, धाकू! मागे फिर! घरी जा!”

धाकूने वल्हं कातळाला लावून जीव खाऊन रेटा दिला. होडी हलेना... मग पुढच्या लाटेने ती उचलली आणि एकदाची सुटली.

जाता जाता तो वर भार्गवाकडे तोंड करून ओरडला, “माफ करा, महाराज! येत्या एकादशीक नक्की येतलंय!”

भार्गव मटकन खाली बसला. उंच केलेला तो हात त्याने मांडीखाली दाबून धरला. बुवांकडे बघायची त्याची छाती होईना.

“बुवा...” तो पुटपुटला, “माफी तो मागतोय.”

मागे दिवा लागला. त्याचा झोत दोघांच्या डोक्यांवरून लांब पाण्यावर गेला.

“भार्गवा,” बुवा म्हणाले, “या दिव्याचे आभार मानायला आजवर एकही गलबत जवळ आलेलं नाही... म्हणून तर गलबतं घरी पोचली.”