महाराजांनी पाय बांधले

कातळघाटाच्या पायथ्याशी पिंपळकोंड नावाचे गाव आहे. तेथे ओढ्याकाठच्या मठीत निवांत महाराज राहत. अंगावर एक कफनी आणि एक घोंगडी, याहून त्यांच्याजवळ काही नव्हते.

एका आषाढात पाऊस उघडायचे नावच घेत नव्हता. अशा पावसात धाकू नावाचा भक्त मठीत आला. त्याची बायको येसू बाळंतपणासाठी घाटावर माहेरी गेली होती. मूल झाले, पण तिला ताप भरला. ‘तोंड पाहायचे तर आजच ये,’ असा निरोप आला होता. ज्याच्यावर ही वेळ येते त्यालाच ती कळते. धाकूचे ओठ पांढरे पडले होते. हातात सुंभाचे वेटोळे होते.

त्या घाटात पावसाळ्यात वहाणा घालून कोणी जात नसे. शेवाळावर कातडे ठरत नाही. लोक अनवाणी तळव्यांना सुंभ गुंडाळून चढत. ते सुंभ घरच्या बाईने बांधायचे, अशी रीत होती.

“महाराज, दरवेळी येसूच बांधायची,” धाकू म्हणाला. “माझ्या हातानं गाठच बसत नाय.”

महाराज म्हणाले, “बस. पाय पुढं कर.”

“तुमच्या हातात पाय कसा देऊ?”

“आज येसूच्या जागी मी आहे.”

महाराजांनी त्याचे दोन्ही पाय बांधले, धोतर गुडघ्यावर खोचायला लावले आणि आपली घोंगडी त्याच्या अंगावर घातली. “भिजली तरी ऊब देईल. जा.”

बाहेर वळचणीला गावचे खोत रंगोपंत थांबले होते. वहाणा काढाव्या लागतात म्हणून ते कधी मठीत शिरत नसत. त्या दिवशी घाटावर त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरायचा होता. पालखीचे भोई पावसाला भ्याले, म्हणून पंत पायीच निघाले होते. अंगात जाड कोट, खांद्यावर जरीचे उपरणे, पायात करकरीत नव्या वहाणा.

“वा रे धाकू! सासुरवाडीला जावई निघाला की गोठ्यातला रेडा?” पंत हसले. “आणि महाराज, देवाचं सोडून आता लोकांचे पाय बांधता वाटतं!”

महाराज म्हणाले, “पंत, वहाणा इथं ठेवा. घाट कोणाचा मान ओळखत नाही.”

“आणि व्याह्यांच्या ओटीवर चिखलाचे पाय घेऊन जाऊ?” असे म्हणत पंत पुढे निघून गेले.

घाटात दुपारीच अंधारले. धुक्यात हात पुढे केला तर बोटे दिसेनात. वाटेवरून पाणी धो धो उतरत होते. वरून दगड गडगडताना ऐकू येत, पण दिसत नसत. धाकूच्या मनात एकच होते, ती श्वास घेत असेल ना?

इतक्यात किंकाळी ऐकू आली. दरीच्या काठाला करवंदीची जाळी धरून रंगोपंत लोंबत होते! धाकूने घोंगडीचे टोक टाकून त्यांना वर ओढले. वहाणा दरीत गेल्या होत्या. तळवे चिरले होते. भिजलेला कोट धोंड्यासारखा जड झाला होता. त्यांना पाऊल टाकवेना.

“धाकू, मला टाकून जाऊ नको रे!”

थांबावे तर येसू जाईल, जावे तर हा माणूस मरेल. धाकू पंतांना घोंगडीत गुंडाळून ओरडला, “महाराज, कुणाला सोडू ते तुम्हीच सांगा!”

धुक्यातून एक म्हातारा आला. अंगावर नुसती कफनी, तीही निथळत होती. तो पंतांच्या पायांशी बसला, कफनीचा घेर टरकन फाडला आणि त्यांचे पाय बांधले. तोंड दिसेना. मग तो पुढे चालू लागला. त्याचे पाऊल पडे तेथला दगड हलत नसे. केवढी ती कृपा! पावलावर पाऊल ठेवत दोघे माथ्यावर आले. तेथे धुके विरळ होते, आणि पुढे कोणीच नव्हते.

धाकू घरात शिरला तेव्हा येसूला घाम फुटला होता. ताप उतरत होता. तिने डोळे उघडले ते त्याच्या पायांकडेच पाहिले.

“कुणी बांधलं? गाठ चांगली बसलीय,” ती म्हणाली.

धाकू तिथेच खाली बसला आणि रडला.

पाऊस ओसरल्यावर धाकू आणि रंगोपंत मठीकडे आले. भक्त सांगू लागले, त्या दिवशी महाराज धुनीपाशी बसले ते उठलेच नाहीत, पण दुपारभर त्यांच्या अंगातून पाणी निथळत होते. त्यांची कफनी गुडघ्याजवळ फाटलेली होती.

रंगोपंत अनवाणीच आत आले. घाटात पायांना बांधलेली कफनीची पट्टी त्यांनी कमरेला जपून ठेवली होती; ती सोडून महाराजांच्या कफनीच्या फाटल्या काठाला लावून पाहिली. धाग्याला धागा जुळला.

महाराज म्हणाले, “काय पंत, व्याह्यांना चिखलाचे पाय चालले ना?”

पंतांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.